गणसंख्येपुरता एक

इंग्लंडच्या राजाचं जोखड मानेवरून उतरलं होतं खरं, पण तेरा राज्यांची तोंडं तेरा दिशांना. सगळ्यांचं मिळून एक सरकार करायचा मसुदा आला, तर विरोधक विधानसभेत फिरकेचनात. सभा चालायला लागणाऱ्या गणसंख्येला रोज एक माणूस कमी! अध्यक्ष वैतागले आणि सगळा राग निघाला द्वारपाल जोथमवर.

“विरोधकांतल्या त्या लॅराबींना घेऊन ये. उचलून आण, पण आण!”

भर दुपारी नदीवरच्या धुक्यानं गल्ली काळवंडली होती. “राज्य यांचं आणि हमाली माझी,” जोथम पुटपुटत चालला होता. लॅराबी राहायचे त्या खाणावळीचं दार उघडंच होतं. जिन्यात व्हिनेगरचा उग्र दर्प. लॅराबी अंधारात भिंतीकडे तोंड करून उभे होते.

“चला, साहेब.”

“मी निघालोय रे... सोड मला.”

“ते सभागृहात सांगा!” जोथमनं त्यांचा दंड धरला. दंड बर्फासारखा गार लागला, पण चिडलेल्या माणसाला एवढं कुठलं भान?

त्यांना खुर्चीत बसवलं. मोजणी झाली, संख्या भरली. लॅराबी सावकाश उठले. “मला जाऊ द्या.”

“सभागृहाच्या परवानगीशिवाय कुणी हलायचं नाही,” अध्यक्ष खेकसले. मसुद्याचा ठराव मंजूर झाला. टोप्या उडवत, परवानगीचं विसरून सगळे गुत्त्याकडे पळाले. लॅराबी तेवढे बसून राहिले.

“आता यांना काय पालखी हवीय?” म्हणत जोथम दाराशी आला, तर पायरीवर खाणावळीची मालकीण, मिसेस व्हॉस.

“मेल्या जोथम, तुमच्यातलं कुणी येणार आहे का? सुतार पेटीचं माप घेतोय. लॅराबी पहाटेच गेले.”

“गेले? कुठं गेले?”

“देवाघरी! माझ्या हातांनी व्हिनेगरनं पुसून निजवलंय त्यांना. आत्ता बघून आले.”

जोथमनं वळून पाहिलं. लॅराबी तसेच बसले होते.

“जा... जा ना, साहेब!”

“तू कोण परवानगी देणारा?” लॅराबी करवादले. “ठराव लागतो. मी मांडतो... आम्हाला जाऊ द्यावं.”

आम्हाला? सभागृहात तर दुसरं कुणीच नव्हतं.

रिकाम्या बाकांच्या मागल्या ओळीतून कुणीतरी खाकरलं.

“अनुमोदन...”

मग त्याच्या शेजारून आणखी एक.