सहाव्या वाफ्यातला रुमाल

सहावा रुमाल जसा पुरला होता तसाच बाहेर आला. भुंग्याने तो झटकला, उलटसुलट करून पाहिला आणि घडी घालून सरळ खिशात ठेवायला निघाला, इतका तो धडधाकट होता.

"पुराव्याला हात लावू नकोस," फौजदार म्हणाली.

फौजदार म्हणजे भुंग्याची बारा वर्षांची बहीण. घरातलं एक बिस्कीट नाहीसं झालं तरी ती सगळ्यांचे जबाब घ्यायची, म्हणून हे नाव तिला चिकटलं होतं. भुंगा तिच्याहून दोन वर्षांनी लहान आणि दिवसभर काहीतरी गुणगुणणारा. तिसरा लंबू, मावशीचा मुलगा. त्याच्या उंचीशी बरोबरी करता करता त्याच्या सगळ्या पँटी दमल्या होत्या. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी मावशीने जुन्या सुती चादरीचे सहा रुमाल फाडले होते आणि टोमॅटोच्या सहा वाफ्यांत मुलांना एकेक पुरायला लावला होता. जिवंत माती सूत खाते, असं तिने सांगितलं होतं. मातीत डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात, ते जोमात असले की महिन्याभरात रुमालाची चाळण होते. पाच वाफ्यांतून खरोखरच चाळणी निघाल्या. एकाची तर नुसती किनार उरली होती.

सहाव्या वाफ्यातली झाडंही माना टाकून उभी होती. लंबूने एक उपटलं, तर मूळ काळं पडून कुजलेलं. बाकीच्या वाफ्यांतली झाडं उभी होती खरी, पण अधूनमधून एखादं पिवळं पडलेलं दिसत होतं. मावशीने रुमाल हातात घेतला आणि त्या कुजलेल्या मुळाशेजारी ठेवला. प्रकरण गंभीर आहे, एवढं मुलांना कळलं.

प्रकरण होतंच तसं. तीन वर्षं मावशीने या जमिनीवर विषारी औषधाचा एक थेंब पडू दिला नव्हता. शेताच्या कडेच्या छोट्या खोलीत ती मित्रबुरशी वाढवायची. ही हिरवी बुरशी मुळं कुजवणाऱ्या बुरशीला खाऊन टाकते. शिजवलेल्या दाण्यांवर ती वाढली की पिशव्या भरायच्या, मग ती पिंपातल्या पाण्यात कालवून वाफ्यांना पाजायची. खोली मात्र बागायतदार संघाच्या मालकीची होती आणि शनिवारी संघाची समिती पाहणीला येणार होती. झाडं मेलेली दिसली की खोलीतली बुरशी बाहेर, फवारणीच्या औषधांचे डबे आत, आणि मावशीच्या तीन वर्षांवर पाणी. आज सोमवार होता.

"कुणीतरी मुद्दाम काहीतरी ओततंय," असं म्हणून फौजदारने वही काढली.

वहीत पहिलं नाव पडलं ते औषधांच्या दुकानदाराचं. फवारणीची औषधं विकणारा हा माणूस मावशीच्या बुरशीची भर चौकात टिंगल करायचा. दुसरं नाव संघाच्या अध्यक्षांचं, कारण ते कशालाही हो म्हणण्याआधी तीनदा नाही म्हणायचे. भुंग्याने तिसरं नाव लंबूचं सुचवलं आणि टपली खाल्ली. दूधकाकांचं नाव लिहायचा तर प्रश्नच नव्हता. दूधकाका दोन महिन्यांपूर्वी मावशीच्या मदतीला आले होते. त्याआधी तीस वर्षं त्यांनी डेअरीत दुधाचे कॅन धुतले होते. खांद्यावर पांढराशुभ्र पंचा, नखात मातीचा कण नाही, आणि मुलांनी चिखलात कितीही धुडगूस घातला तरी एका शब्दाने रागावणं नाही. फौजदारचे जबाब शांतपणे देणारे घरातले तेवढेच एक मोठे माणूस होते.

मंगळवारी उजाडायच्या सुमाराला तिघं टोमॅटोच्या काठ्यांच्या भाऱ्यामागे दबा धरून बसले. भुंग्याने गुणगुणू नये म्हणून त्याच्या तोंडात पेरूची फोड कोंबली होती. थोड्याच वेळात कुंपणाची तार हलली. डोक्यावर टॉवेल घेतलेला एक माणूस वाकून आत आला, इकडेतिकडे पाहत खोलीच्या पायरीपाशी गेला आणि तिथली एक पिशवी काखोटीला मारून वळला. लंबू नुसता उभा राहिला. एवढी उंच आकृती अचानक समोर उगवल्यावर त्या माणसाच्या हातून पिशवी पडली आणि डोक्यावरचा टॉवेलही. तो दुकानदार होता.

फौजदारने जबाब घेतला. आधी तो वाट चुकल्याचं म्हणाला, मग पिशवी आपलीच असल्याचं म्हणाला, आणि शेवटी त्याने मान खाली घातली. मावशी बुरशी धरलेल्या दाण्यांचा उरलासुरला चुरा पायरीवर ठेवायची. तो चुरा दुकानदार महिनाभर आपल्या गच्चीवरच्या मिरच्यांना घालत होता.

"आठ कुंड्या आहेत. एकाही रोपाचं मूळ कुजलं नाही," तो हळूच म्हणाला. "पण दुकानात कुणाला सांगू नका रे. लोक मला जगू द्यायचे नाहीत."

भुंगा हसून हसून खाली बसला. लंबूलाही हसू आवरेना. फौजदार मात्र हसली नाही. खोलीतली बुरशी गच्चीवर चांगलं काम करते आणि वाफ्यांत पोचेपर्यंत मरते, हे कसं? खोली आणि वाफे यांच्या मध्ये होतंच काय? फक्त पिंप. तिच्या मनात पाल चुकचुकली, आणि ती चुकचुकली नसती तर बरं, असंही तिला वाटलं.

पिंप सहाव्या वाफ्याशेजारी, नळापाशी होतं. दूधकाका ते धूत होते. आधी ब्रशने, मग सोड्याने, मग साध्या पाण्याने. शेवटी त्यांनी ब्लीचिंग पावडरचं पाणी आत फिरवलं, बरंचसं वाफ्याच्या कडेला ओतून दिलं आणि तळाशी दोन बोटं तसंच राहू दिलं. वास पोहण्याच्या तलावासारखा येत होता.

"ते पाणी पुसून नाही का काढायचं?" फौजदारने विचारलं.

"छे. पुसलं की फडक्यातले जंतू परत लागतात," दूधकाका अभिमानाने म्हणाले. "तीस वर्षांत माझ्या कॅनमधलं दूध एकदाही नासलं नाही, पोरी."

दुधातले जंतू मारायचे असतात. इथे मात्र जगवायचे होते. मावशी पिशव्या आणून द्यायची आणि चकचकीत पिंप बघून खूश व्हायची, आत तळाशी काय आहे हे तिने कधी वाकून पाहिलं नव्हतं. फौजदारने वही मिटली. लंबू म्हणाला की आत्ताच्या आत्ता आईला सांगू या. पण पुराव्याशिवाय आरोप करायचा नाही, हा फौजदारचाच नियम होता. शिवाय आपलं चुकलेलं असावं, अशी तिची मनोमन इच्छा होती.

म्हणून त्यांनी दोन ताटल्यांत शिजवलेला भात पसरला. एकाच पिशवीतला बुरशीचा चुरा दोन भांड्यांत कालवला. एका भांड्यात दूधकाकांच्या पिंपातलं पाणी होतं, दुसऱ्यात विहिरीचं साधं पाणी. दोन्ही पाणी एकेका ताटलीवर शिंपडून वर कागद झाकला आणि ताटल्या लंबूच्या पलंगाखाली सरकवल्या. त्या चार दिवसांत सहाव्या वाफ्यातली आणखी नऊ झाडं गेली. मावशी जेवणाच्या ताटावरून अर्धवट उठायची आणि दूधकाका बिचारे तिच्या काळजीने पिंप दुप्पट घासायचे. ते पाहून फौजदारला रडू यायचं.

शनिवारी सकाळी तिने कागद उचलले. साध्या पाण्याची ताटली हिरवीगार झाली होती. दुसरी तशीच होती, पांढरी, स्वच्छ. ताटल्या घेऊन ती मावशीकडे गेली नाही. ती आधी दूधकाकांकडे गेली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

दूधकाकांनी पांढरी ताटली हातात घेतली.

"किती दिवसांपासून?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही आल्यापासून," ती कशीबशी म्हणाली.

समिती आली. अध्यक्षांनी सहावा वाफा पाहिला, नाक मुरडलं आणि खोलीची किल्ली मागितली. मावशीने किल्ली पुढे केली तेवढ्यात दूधकाका मध्ये आले. त्यांच्या दोन हातांत दोन ताटल्या होत्या.

"बुरशीत दोष नाही, साहेब. माझ्या धुण्यात आहे," ते म्हणाले, आणि पिंपाचा सगळा प्रकार त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितला. मग फौजदारने सहाही रुमाल ओळीने मांडले. अध्यक्षांनी पाच चाळणींतून एकेकदा आकाश पाहिलं. दोन महिने बुरशी न मिळताही पाच वाफे उभे राहिले, म्हणजे तीन वर्षांत ही माती किती सुधारली असेल, असं ते सदस्यांना म्हणाले. खोली काढून घ्यायची का, असं एकाने विचारलं तेव्हा ते तीनदा नाही म्हणाले. दुकानदारही मागे उभा होता. त्याने खाकरून सांगितलं की त्याचा गच्चीवरचा अनुभवही चांगला आहे, आणि सगळे वळून बघायला लागल्यावर तो लाजेने लाल झाला. किल्ली मावशीकडेच राहिली.

"मोठ्यांनी पिंपात वाकून बघायला हवं होतं, ते या पोरीने बघितलं," अध्यक्ष म्हणाले. मावशीने फौजदारला जवळ घेतलं. मग ती दूधकाकांजवळ गेली आणि म्हणाली की चूक दोघांची आहे, पिंपात मीही कधी डोकावले नाही.

संध्याकाळी फौजदार सहाव्या वाफ्यात शेणखत मिसळत होती. दूधकाका आले आणि शेजारी मातीतच बसले. त्यांनी खांद्यावरचा पांढराशुभ्र पंचा काढला, त्याची नीट घडी घातली आणि तिच्या हातात दिला.

"हा इथे पुर," ते म्हणाले. "आणि पुढच्या सुट्टीत आलीस की काढून मला दाखव. भोकं पडलेला पाहिजे."