बाकी सगळं उघडतं

बस जरा. नाही, राउटरला हात लावू नकोस. तुझ्या ताईने तुला गॅलरीतून हाक मारून बोलावलं, ते मला ऐकू आलं. "तुझे भाऊजी गावभर लोकांची नेट दुरुस्त करत फिरतात आणि घरात दिव्याखाली अंधार," असंच म्हणाली असेल. म्हणू दे. तिचं काही चुकीचं नाही. बातम्या उघडतात, हवामान उघडतं, गाणी वाजतात, फक्त मेसेज तेवढे येत नाहीत. तुझी भाची सकाळी गाडीने निघालीय आणि पोचल्याचा निरोप अजून नाही. आपल्या या खोलगट भागात फोनच्या रेंजचा आनंदीआनंद, सगळी भिस्त नेटवर. ताईचा जीव टांगणीला लागलाय. माझा लागला नाही असं वाटतं का तुला? तरी मी हात लावणार नाही. तो दिवा इकडे ओढ, सांगतो का ते. हळू बोलू, ती आत स्वयंपाक करतेय.

परवाची गोष्ट. भर दुपार होती. सकाळपासून शिडी चढून उतरून पाय भरून आले होते. घरी जाऊन आडवं व्हावं एवढंच मनात होतं. तेवढ्यात ऑफिसातल्या मुलीने सांगितलं, "काका, जाता जाता एक घर करा ना. काही साइट उघडतात, काही नाही." असली तक्रार आली की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. नेट साफ बंद असलं तर परवडतं, कुठेतरी तुटलेली वायर सापडते. अर्धवट चालणारं नेट म्हणजे अर्धवट दुखणारा दात. नेमका कुठला ते सापडत नाही आणि चैनही पडू देत नाही.

घर दुसऱ्या मजल्यावर. दार उघडलं ते एका म्हाताऱ्या शिंपीणबाईंनी. खिडकीशी मशीन, त्यात अडकवलेला अर्धा शिवलेला सदरा. टेबलावर एक ताट वाढून वर दुसरं पालथं घातलेलं. बाई गुडघ्यांनी बेजार, जिना उतरायची सोय नाही, शेजारच्या घराला कुलूप, फोनची रेंज तिथेही नाही. मुलगा दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलात, पहाटे ऑपरेशन होतं. सून त्याच्याजवळ.

"शुद्धीवर आला की लगेच कळवते म्हणाली होती," बाई म्हणाल्या. "सकाळपासून फोन हातात घेऊन बसलेय. तुमच्या कंपनीचं तक्रारीचं पान तेवढं झटकन उघडलं."

"मावशी, तुम्ही आधी जेवून घ्या. मी बघतो."

"निरोप आल्याशिवाय घास उतरायचा नाही हो, दादा."

राउटर आतल्या खोलीत होता, मुलाच्या. तो हॉस्पिटलात गेल्यापासून खोली बंदच होती. दार ढकललं आणि स्पिरिटचा वास आला. इंजेक्शनच्या आधी दंडावर चोळतात ना, तो. मी विचारलं, इथे कोणी आजारी होतं का? त्या म्हणाल्या, नाही. मला वाटलं माझंच नाक, दिवसभर धूळ खाल्लेली.

लॅपटॉप वायरने जोडून पाहिला. सगळं उघडलं. वायर काढून वायफायवर घेतला तर बातम्या आल्या, एक सिनेमासुद्धा लागला. ईमेल उघडायला गेलो तर नुसतं गोल गोल फिरत राहिलं. हॉस्पिटलचं पान पांढरं, मेसेज नाहीत, रेल्वेच्या तिकिटांचं पानही पांढरं. म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठीक, भानगड या डब्यातच. मग जे जे ठाऊक होतं ते सगळं केलं. साइटच्या नावावरून पत्ता शोधायची सेटिंग बदलली. राउटर बंद करून चालू केला. शेवटी तो अगदी कोरा करून पहिल्यापासून सगळं भरलं, नवा पासवर्ड घातला आणि मावशींचा फोन माझ्या हातांनी जोडून दिला. ढिम्म.

तिथेच खाटेवर टेकलो. थकल्यावर डोकं चालत नाही म्हणतात, पण कधीकधी भलतंच चालतं. बाहेरचं सगळं जग त्या घरात येत होतं. या बाईसाठी म्हणून कोणी काही पाठवलेलं, तेवढंच येत नव्हतं. आणि तिला तिथून उठून मुलाकडे जाता येईल, ते तिकिटांचं पानही.

मग राउटरला कोण कोण जोडलंय ते पाहिलं. माझा लॅपटॉप, मावशींचा फोन. आणि एक तिसरा फोन. पासवर्ड घालून दहा मिनिटंही झाली नव्हती, आणि तो मी कोणाला सांगितला नव्हता. सिग्नल भरगच्च. इतका भरगच्च सिग्नल फोन त्याच खोलीत असला तरच येतो. नाव लिहिलेलं होतं, बंड्या.

"मावशी, बंड्या कोण?"

"माझा मुलगा. घरात तेच म्हणतो आम्ही त्याला. का हो?"

"त्याचा जुना फोन इथे राहिलाय का कुठे?"

"एकच फोन आहे त्याला. तो त्याच्याजवळच आहे..."

आम्ही दोघांनी शोधलं. कपाट, गादीखाली, टेबलाचे खण. काही नाही. वास मात्र दाट झाला होता, खोलीत कोणीतरी नुकतीच पट्टी बदलली असावी तसा. मला भीती वाटायला लागली होती, खोटं कशाला सांगू. पण धंदा म्हणजे धंदा. मी म्हणालो, हा फोन वाट अडवून बसलाय, याला बाहेर काढतो, मग येईल सगळं.

मावशी दाराची चौकट धरून माझ्यासमोर उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "काढा. जे असेल ते कळू दे."

मी बोट बटणावर नेलं. आणि कानामागून, अगदी जवळून, कोणीतरी म्हणालं...

"थांबा ना दादा... आधी तिला जेवू द्या..."

पुरुषाचा आवाज. घसा कोरडा पडलेल्या माणसाचा. माझ्यामागे फक्त भिंत होती रे. मी दचकलो आणि बटण दाबलं गेलं.

तिसरा फोन गेला. त्याबरोबर मावशींच्या हातातला वाजायला लागला. एक मेसेज, दुसरा, तिसरा, थांबेचना. त्यांनी चष्मा लावून वाचलं. मशीनपुढच्या स्टुलावर बसल्या. रडल्या नाहीत. "सकाळीच..." एवढंच म्हणाल्या. मग टेबलावरच्या त्या झाकलेल्या ताटाकडे बघत राहिल्या. मी पाणी दिलं, तेही त्यांनी घेतलं नाही. खालच्या मजल्यावरची माणसं बोलावून आणली, अवजारं भरली आणि निघालो. खोलीतला वास पार गेला होता.

दुःखाची बातमी द्यायची असली की आपण काय करतो? समोरच्या बाईला आधी विचारतो, जेवलीस का? जेवली नसेल तर गप्प बसतो, तिला चार घास खाऊ देतो, कारण पुढे कधी खाईल कोणास ठाऊक. तो पोरगा तेवढंच करत होता. आईच्या पोटात अन्न जाईपर्यंत दार धरून उभा होता. त्या दिवसापासून माझं कामात लक्ष नाही.

आता हे बघ, माझ्या मोबाइलवर. आपल्या घरचा राउटर. हा माझा फोन. हा तुझ्या ताईचा. तुझा तू अजून जोडलेला नाहीस, पासवर्ड मी परवाच बदललाय. मग हा तिसरा बघ. सिग्नल बघ किती भरलेला. नाव मोठ्याने वाचू नकोस, फोन तर पोरीने सोबत नेलाय. जुनी नोंद असेल, असं मीही स्वतःला सांगून पाहिलं. सांगून झालं.

"अहो, या दोघं! गार होतंय सगळं."

ऐकलंस? चल, ऊठ. डोळे पूस आधी. राउटर, निरोप, काहीही बोलायचं नाही. ती म्हणेल मी मागून जेवते, तिचं ऐकू नकोस, आपल्याबरोबर बसव. दोन घास जास्तच जाऊ देत आज. मी सावकाश जेवेन, तूही सावकाश जेव.

काय झालं? थांबलास का?

हो. पाहिलं मी. चार ताटं मांडलीत. सवयीने मांडली असतील. तिला काही विचारू नकोस. ते चौथं सोडून कुठेही बस.