देवळाबाहेरच्या गुलाबी चपला

वर्गात सगळे म्हणतात, मी भाव खाण्यासाठी काहीही रंगवून सांगते. सांगतही असेन! पण यातलं एक अक्षरसुद्धा माझ्या पदरचं नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात दुपारी कुणी डोळा मिटत नाही.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती.

भर दुपार होती. पाण्याचा सण नुकताच संपला होता आणि ब्रह्मदेशातलं आमचं बागान गाव तव्यासारखं तापलं होतं.

न्यो मावशी एका जुन्या देवळाच्या दाराशी, चिंचेखाली, लाखेच्या रंगीत वाट्या विकायची. देऊळ आडबाजूचं. वाट चुकलेला पर्यटकच तिथे यायचा. मावशीचा नवरा, हानकाका, टांगा चालवायचा आणि तिला चिडवायचा, "तुझ्यापेक्षा माझा घोडा जास्त कमावतो बघ."

"मग आज त्यालाच सांग भात रांधायला," मावशी म्हणायची.

त्यांची एकुलती एक मुलगी फ्यू सिन. तेव्हा सहा वर्षांची. लग्नानंतर कित्येक वर्षांनी झालेली. गालांवर सदा थनाखाची साल उगाळून लावलेला पांढरा लेप, पायांत गुलाबी चपला. तोंडाची टकळी माझ्याहून जास्त, म्हणजे बघा!

त्या दुपारी बाकीची दुकानं झाकलेली. फ्यू सिन म्हणाली, "आई, आत गार आहे. मी बुद्धाजवळ झोपते."

"झोप. पण आतल्या बोळात धावू नकोस."

तिने दाराशी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या, आणि आत गेली.

मावशीने वाट्या पुसल्या. पाणी प्यायली. जरासा डोळा लागला...

जागी झाली ती आवाजाने.

खर्र... खर्र...

कुणीतरी आत झाडत होतं.

मावशीला वाटलं, किल्ल्या सांभाळणारे पान्था आजोबा असतील. पण आजोबा तर समोरून येत होते, डोक्यावर ओला पंचा टाकून.

मग आत कोण?

मावशी आत धावली. बुद्धाच्या पायाशी चटई होती. चटईवर कुणी नव्हतं.

"फ्यू सिन!"

देवळाच्या आत चारी बाजूंनी फिरणारा एक बोळ आहे. मावशी तो पूर्ण फिरली. एकदा. दोनदा. उलट दिशेने. लपायला एक कोनाडा नाही.

"फ्यू सिन, पुरे हं आता! आई रागावेल!"

ती पुन्हा दाराशी आली.

पान्था आजोबा दाराशीच थबकले होते. ते गुलाबी चपलांकडे बघत होते. रोज संध्याकाळी कुलूप लावण्याआधी ते तेच बघायचे. म्हणायचे, "चपला बाहेर, तर माणूस आत." आणि खरंच, त्या तापलेल्या विटांवरून अनवाणी कोण जाणार? चार पावलांत फोड येतात.

म्हणजे फ्यू सिन आतच होती.

पण आत ती नव्हती.

खर्र... खर्र...

आवाज भिंतीतून येत होता.

त्या बोळाच्या आत आणखी एक बोळ होता म्हणतात. राजांच्या काळातच तो विटांनी बुजवून टाकला. का, ते कुणालाच माहीत नाही. मावशीने भिंतीला कान लावला.

खर्र... खर्र...

आणि त्याच्या मागोमाग, हलका, अडखळता, जणू नुकताच झाडू हातात घेतलेल्या कुणाचा...

खुर्र... खुर्र...

एक मोठा झाडू. आणि एक छोटा.

मावशीने अशी किंकाळी फोडली की हानकाका रस्त्यावरून टांगा तसाच सोडून धावत आला. काही न विचारता लोखंडी पहार आणली आणि भिंतीवर घाव घालत सुटला. घाव घालून घालून तळहात सोलले, पण विटा अशा बसवलेल्या की फटीत सुईसुद्धा जाऊ नये. कपचाही निघाला नाही.

"आजोबा, काहीतरी करा ना!" तो रडत म्हणाला. "आत गुदमरेल हो माझी पोर!"

आजोबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते मावशीला म्हणाले, "न्यो, पोरी, खरं सांग. या देवळात तू कधी काही बोलली होतीस का?"

मावशीने सगळं सांगून टाकलं.

फ्यू सिन तान्ही असताना तापाने निपचित पडली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. तेव्हा मावशी अशाच एका दुपारी तिला उचलून इथे आली होती. लोक नवस बोलतात, मूल जगलं तर चार दिवस भिक्षुणीचे कपडे घालीन. मावशीला तेवढं सुचलंच नाही. तिने दान देताना ओततात तसं बुद्धासमोर थेंब थेंब पाणी ओतलं, धरतीला साक्षी ठेवलं, आणि म्हणाली, "ही तुमची. तुम्हाला दिली. फक्त जगू द्या."

"आणि मग?" आजोबांनी विचारलं.

"मग... कुणीतरी साधु म्हणालं."

आमच्याकडे कुणी दान केलं, पुण्य वाटलं, की ऐकणारे तीनदा साधु म्हणतात. साधु, साधु, साधु. म्हणजे आम्ही ऐकलं, आम्हाला पोचलं. मावशीला वाटलं होतं, बाहेरचे दुकानदार असतील.

"त्या दुपारी बाहेर कुणी होतं?"

मावशी आठवू लागली... त्याही दुपारी सगळी दुकानं झाकलेली होती.

आजोबा हळू आवाजात बोलू लागले. "राजा देऊळ बांधायचा तेव्हा सोनं द्यायचा, शेतं द्यायचा. आणि माणसं द्यायचा. दिवा लावायला, ढोल वाजवायला, झाडायला. असंच पाणी ओतून. ती माणसं देवळाची झाली ती कायमची. त्यांची मुलंही. परत मागेल तो नरकात जळेल, असं राजाच बजावून गेलाय. आमचं घराणं त्यातलंच, पोरी. मी कुणाला सांगत नाही. सांगितलं असतं तर देवळाच्या गुलामाला कुणी बायको दिली नसती."

"राज्य बुडून शेकडो वर्षं झाली!" हानकाका ओरडला.

"बाहेर बुडालं रे. आत त्यांना कुणी सांगितलं?"

खर्र... खुर्र...

मावशी बाहेर धावली. वाटसरूंसाठी भरून ठेवलेलं पाण्याचं मडकं तिने उचलून आणलं आणि भिंतीसमोर गुडघे टेकले.

"बदली माणूस घेतात का हो?"

"न्यो, वेडी आहेस का तू!" हानकाकाने तिचा हात धरला. तिने झटकला.

थेंब... थेंब... कोरड्या विटा पाणी पिऊ लागल्या.

"मी न्यो. मला घ्या. पोरीला सोडा. हात जोडते, पाया पडते, मला घ्या. मी आणि माझी..."

आजोबांनी झडप घालून तिच्या तोंडावर हात ठेवला. "मुलाबाळांसकट म्हणू नकोस! त्या मंत्रातच सगळे अडकलेत!"

झाडू थांबले.

एवढी शांतता... चिंचेवरचे पोपटही गप्प.

मग भिंतीच्या आतून, पुष्कळ जणांनी एकदम म्हणावं तसं...

"साधु..."

"साधु..."

तिघेही श्वास रोखून तिसऱ्याची वाट बघत होते.

तिसरा आवाज पाठीमागून आला. बारीक. ओळखीचा.

"साधु."

फ्यू सिन दारात उभी होती. केसांत विटांची लाल धूळ. दोन्ही तळव्यांवर झाडू धरून आलेले फोड.

मावशीने तिला असं कवटाळलं की काय सांगू.

याला तीन वर्षं झाली. मावशीने वाट्यांचं दुकान मोडलं. ती रोज देवळात झाडते आणि दुपारभर त्या भिंतीला टेकून बसते. लोक म्हणतात, शब्द पाळतेय बिचारी. मीही तेच समजत होते.

या वर्षी सण झाल्यावर मी तिच्यासाठी डबा घेऊन गेले. फ्यू सिनही होती माझ्याबरोबर. ती हल्ली फार बोलत नाही. तापलेल्या विटांवरून ती अनवाणी चालत आली, सावकाश, आणि पायांना काहीच झालं नाही. आत आल्यावर माझ्याशेजारी बसून चिंचेच्या वड्या खात राहिली.

मी गंमत म्हणून भिंतीला कान लावला.

खुर्र... खुर्र...

छोटा झाडू. आता अडखळत नव्हता.

मी वळून फ्यू सिनकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. वडी तोंडात होती, पण ती चावत नव्हती.

मावशीने ओठांवर बोट ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा मला कळलं, ती तिथे कुणाजवळ बसते.

आत्ता मी हे लिहितेय, आणि फ्यू सिन खोलीच्या दारात उभी राहून विचारतेय, "ताई, काय लिहितेस?" काही नाही, गृहपाठ, असं सांगितलंय. ती अजून गेलेली नाही.

त्या दिवशी देवळातून निघताना मी पाहिलं होतं... देवळाच्या दाराशी त्या गुलाबी चपला अजून आहेत. उन्हाने पांढऱ्या पडल्यात. मावशी त्यांना कुणाला हात लावू देत नाही. पान्था आजोबाही रोज कुलूप लावण्याआधी त्यांच्याकडे बघतात.

आणि आता काहीच म्हणत नाहीत.