मोकळ्या जागेतले ठोके

ऑफिसात तिला सगळे शंकासुर म्हणत. त्या दुपारी तिच्यासमोर दवाखान्यातून परत आलेलं यंत्र होतं, रुग्णाचे ठोके दाखवणारं. गेल्या महिन्यात ते तिच्या बाबांच्या उशाशी होतं. मध्येच अडकलं, आणि पुन्हा चालू झालं तेव्हा बाबा गेले होते. यंत्राच्या सॉफ्टवेअरचा गाभा, ज्याला 'कर्नल' म्हणतात, तो याच ऑफिसात लिहिलेला. आपल्या चुकीनं बाबा गेले का, एवढंच तिला कळायला हवं होतं.

सापडली ती चूक हसू यावं अशी. मेमरी म्हणजे लॉजच्या खोल्या. खोली मोकळी झाली की तिच्यात ठरावीक खूण भरून ठेवायची आणि पुढच्याला देताना खूण शाबूत आहे ना, म्हणजे मध्ये कुणी शिरलं नाही ना, ते बघायचं. पण अट उलटी पडलेली: तपासणी चालू असेल तर बघू नकोस!

"मास्तर, राखणदार इतकी वर्षं डोळे मिटून बसलाय हो!"

मास्तर म्हणजे टीममधले सगळ्यात जुने. यंत्र त्यांच्याही कॉम्प्युटरला जोडलेलं होतं. मागच्या टेबलावरून ते म्हणाले, "माझीच करामत असणार. कान पकडतो बाई. दुरुस्त कर."

तिनं अट सुलट केली, यंत्र नव्यानं चालू केलं. लगेच इशारा उमटला. ठोक्यांची जागा मोकळी होती, तरी खूण पुसलेली. तिथे कुणीतरी लिहीत होतं.

यंत्राची एकही वायर कुणाच्या अंगाला लावलेली नव्हती.

घाबरायचं सोडून ती खुर्ची पुढे ओढून बसली आणि तिथे उमटणारे ठोके वाचू लागली. बहात्तर. सत्तर. एकाहत्तर. मध्येच एक ठोका गाळलेला. अगं बाई! ही तर बाबांच्या काळजाची जुनी खोड, डॉक्टरसुद्धा हसायचे.

"काय गं, काय सापडलं?"

"मोकळ्या जागेत कचरा येतोय," ती कशीबशी म्हणाली.

"मग पुसून टाक. यंत्र संध्याकाळी जायचंय."

तिचं बोट पुसायच्या बटणावर गेलं. नव्वद. एकशे दहा. तिनं बोट उचललं. आकडे हळूहळू उतरले. तिला रडू फुटलं.

"बाबा, नाही पुसत," ती पुटपुटली.

बहात्तर.

एकशे चाळीस.

तिनं तर हात मांडीवर ठेवले होते.

एकशे साठ.

"राहू दे गं," मागून मास्तर म्हणाले, "मी इथूनच पुसतो."