शेवटची ओळ कोणी चिरकवली?

“थांबवा! थांबवा ते!” नाटक बसवणाऱ्या बाईंनी टाळी वाजवली आणि संगीत बंद पडलं.

रंगमंचावर दादा तोंड उघडं ठेवून तसाच उभा राहिला. नाटकाचं शेवटचं गाणं, गाण्याची शेवटची ओळ आणि नेमका सगळ्यात वरचा सूर! तिथेच त्याचा आवाज चिरकला होता. आणि तोही सलग तिसऱ्यांदा!

“तेरा पूर्ण झाली ना रे तुला?” बाई जरा नरमल्या. “मग आवाज फुटायला लागला असणार. उद्या चारला शेवटचं ऐकते. तेव्हाही चिरकलास, तर परवाच्या प्रयोगात हे गाणं माझा भाचा म्हणेल.”

सुट्टी लागल्यापासून दादाने या एका गाण्याचा ध्यास घेतला होता. तो खाली उतरला. पहिल्या रांगेत बसलेल्या त्याच्या बहिणीने ते पाहिलं. आणि लगेच तिचं डोकं तापलं.

तिला घरात सगळे फौजदार म्हणत. अकरा वर्षांच्या मुलीने इतका संशय घेऊ नये, असं आई शंभरदा सांगून थकली होती. पण स्वभावाला औषध नाही!

“पोपट, सोमवारी चिरकला होता का रे हा?” तिने शेजारच्या मित्राला विचारलं.

पोपटाला बोलायला निमित्तच हवं असायचं. “छे, छे! सोमवारी एकदम खणखणीत! आपण गाद्या धरून उभे होतो ना?”

खरंच होतं ते. या नाट्यगृहात वादकांना बसायला जागा नव्हती. म्हणून सोमवारी संगीताच्या खोलीत नुसती वाद्यं वाजवून कराओके ट्रॅक तयार केला होता. रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्यांना गाद्या लावल्या, पंखा बंद केला आणि वादक घामाघूम होऊन वाजवत बसले. त्याआधी दादाने त्यांच्याबरोबर हेच गाणं चारदा म्हटलं होतं. एकदासुद्धा चिरकला नव्हता!

“मग तीन दिवसांत त्याच्या गळ्याला काय धाड भरली?” फौजदार पुटपुटली. “कुठेतरी पाणी मुरतंय!”

“फौजदार, तो बघ!” पोपट कुजबुजला.

बाईंचा भाचा कानाला फोन लावून, इकडेतिकडे बघत कपडेपटाच्या खोलीत शिरत होता. गाणं मिळणार तर कोणाला? यालाच! दोघं पाय न वाजवता त्याच्या मागे गेले आणि टांगलेल्या झग्यांआड लपले.

भाचा आरशासमोर उभा राहून फोनवरच्या ट्रॅकबरोबर गात होता. शेवटची ओळ आली, वरचा सूर आला आणि… चिर्रर्र!

“आई गं! पुन्हा तिथेच!” त्याने कपाळावर हात मारला.

पोपटाला हसू आवरलं नाही. झगे हलले, भाचा दचकला आणि चोर पकडायला आलेलेच पकडले गेले!

“तूच काहीतरी केलंयस!” फौजदार कमरेवर हात ठेवून म्हणाली.

“मी? अगं, मला नकोच आहे ते गाणं! मावशी ऐकत नाही.” तो रडकुंडीला आला. “परवा सगळ्यांसमोर माझी फजिती होणार!”

फौजदाराने कमरेवरचे हात खाली घेतले. तिचा संशय चुकीच्या माणसावर होता, आणि तिला मनापासून वाईट वाटलं. पण डोकं थांबेना. गळे दोन, आणि चिरकण्याची जागा एकच! मग खोट गळ्यात कशी असेल?

“ट्रॅक लाव. अगदी पहिल्यापासून.”

“सुरुवातीची बडबड सोडून द्यायची, असं ट्रॅक पाठवताना साउंडवाले काका म्हणालेत.”

“असं म्हणाले? मग तीच लाव!”

“एक, दोन, तीन, चार!” फोनमधून किनरा आवाज आला.

“ही कोण चिमणी?” पोपट म्हणाला.

फौजदार चमकली. “चिमणी? सोमवारी आकडे ड्रमवाल्या काकांनी मोजले होते!”

तिघं एकमेकांकडे बघत राहिले. ड्रमवाले काका घरात शिंकले, तर गल्लीतली सगळी कुत्री भुंकायची!

“वेग वाढवलाय कुणीतरी!” फौजदार ओरडली. “आजोबांचा जुना टेप भरभर फिरवला की माणसं अशीच बोलतात. ट्रॅक भरभर झाला, तसे सगळे सूरही वर चढले!”

भाच्याने फोन बघितला. “चार मिनिटं. पण मावशीच्या वहीत साडेचार लिहिलंय!”

तिघं धावत साउंडवाल्या काकांच्या काचेच्या खोलीत गेले.

“काका, ट्रॅकला कोणी हात लावला होता?”

“कोणी नाही! मी बोटसुद्धा लावलं नाही. पळा बघू इथून!” काका खेकसले. शेजारी या गाण्याच्या दिव्यांच्या वेळांचा कागद चिकटवला होता. त्यांनी पटकन त्यावर हात ठेवला, पण फौजदाराने शेवटचा आकडा वाचलाच. शेवटचा दिवा बरोबर चार मिनिटांनी!

“बाईंना सांगू या,” पोपट म्हणाला.

“काका कानावर हात ठेवतील, आणि मी भावाची बाजू घेतेय असं सगळे म्हणतील. त्यापेक्षा सगळ्यांनाच ऐकू दे!”

दुसऱ्या दिवशी चारला ड्रमवाले काका तिसऱ्या रांगेत येऊन बसले. मुलांनीच त्यांना बोलावलं होतं. दादा रंगमंचावर पांढराफटक पडून उभा होता.

“बाई, आधीचे आकडे ऐकवा ना,” फौजदार साळसूदपणे म्हणाली. “त्याला सुरुवात पकडायला सोपं जाईल.”

“कशाला उगाच?” साउंडवाले काका चपापले.

“लावा हो, दोन सेकंदांचं तर काम!” बाई म्हणाल्या.

“एक, दोन, तीन, चार!” नाट्यगृहभर चिवचिवाट झाला. सगळे खो खो हसले.

“अहो, तो मी आहे!” ड्रमवाले काका गरजले. “माझ्या आवाजाची काय दशा केलीत ही?”

हसू थांबलं. बाई सावकाश वळल्या. साउंडवाल्या काकांनी मान खाली घातली.

“दिवेही मीच बघतो. त्यांच्या वेळा आधीच चार मिनिटांच्या बसवल्या होत्या… ट्रॅक आला साडेचारचा. पुन्हा चाळीस दिव्यांच्या वेळा कोण बसवणार? म्हणून जरासा आवळला. सूर चढतील हे लक्षातच आलं नाही हो!”

“आणि मला वाटलं, गाण्यात जोश आलाय!” बाईंनी कपाळाला हात लावला. “सोमवारचा मूळ ट्रॅक लावा. आत्ता!”

दादाने डोळे मिटले. शेवटची ओळ आली. सूर वर गेला, तिथे टिकला आणि शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचला. सगळ्यात जोरात टाळ्या भाच्याने वाजवल्या!

बाई रंगमंचावर चढल्या. “पोरा, तुझा गळा ठणठणीत आहे. कान माझे चुकले,” त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. मग खाली वळून बघितलं. “आणि तुम्ही तिघं! मोठ्यांना जे ऐकू आलं नाही, ते तुम्ही ऐकलंत. शाब्बास!”

साउंडवाले काका निमूटपणे दिव्यांच्या वेळा नव्याने बसवायला लागले.

घरी जाताना दादाची पावलं मंदावली.

“माझा आवाज फुटला असं मलाही वाटायला लागलं होतं,” तो हळूच म्हणाला. “तुला नाही वाटलं?”

“मी सगळ्यांवर संशय घेतला,” फौजदार म्हणाली. “फक्त तुझ्यावर घेतला नाही.”