सातव्या नळीचं वाचन

“चौदा महिन्यांच्या सह्या एका बैठकीत करून देऊ? मी का तुमचा रबरी शिक्का आहो, सायब?”

मनकर्णाबाईनं जीपच्या बॉनेटवरचं रजिस्टर असं ढकललं की ते थेट राखेत जाऊन पडलं. अभियंता अश्वजितनं ते उचललं, झटकलं, घसा साफ केला.

“बाई, मंगळवारी तपासणीचं पथक येतंय. वाचन घेणाऱ्याची सही लागते. नियम आहे तो.”

“नियम मले नोका सांगू. हे वाचन घेतलं कोणी? मी तं नाई घेतलं. तुमीबी नाई घेतलं. मंग हा आकडा का उंदरानं आनून ठेवला?”

सातव्या नळीचा आकडा होता सहा मीटर चाळीस. मागच्या जानेवारीपासून दर महिन्याला तोच, आणि शेजारच्या रकान्यात बारीक, देखण्या अक्षरात एकच शब्द: मागीलप्रमाणे. अक्षर अश्वजितचं होतं. शिकलेल्या माणसाचं खोटं नेहमी वळणदार असतं.

आता ही नळीची भानगड काय, ते ऐकून घ्या. कुकडटोल्याच्या डोक्यावर कारखान्याच्या राखेचा तलाव आहे. तिकडे कोळसा जळतो, उरलेली राख पाण्यात कालवून पाइपानं इथं आणून ओततात, आणि ती अडवायला मातीचा बांध घातलाय. मोहाची दोन झाडं एकावर एक उभी केली तरी माथ्याला टेकायची नाहीत, एवढा उंच. पायथ्याशी दोन इंच रुंद लोखंडी नळ्या जमिनीत उभ्या गाडल्या आहेत. नळीत टेप सोडायचा आणि आत पाणी किती खोल आहे ते बघायचं. खोल असलं तर बरं. वर चढायला लागलं तर समजायचं, बांध आतून भिजतोय. आणि भिजलेला बांध एक दिवस खाली बसतो. खाली बासष्ट घरं आहेत आणि एक अंगणवाडी. हे शास्त्र कळायला मनकर्णाबाईला कॉलेजात जावं लागलं नव्हतं. वयाच्या चाळिसाव्या वर्षी ती सही करायला शिकली ती या रजिस्टरापायी, आणि पुढची एकोणीस वर्षं वाचनाचा एक सोमवार तिनं चुकवला नाही.

मागच्या जानेवारीत तिच्या जोडीला काम करणारा दिनेश सातव्या नळीजवळची तुंबलेली नाली मोकळी करायला उतरला, आणि पायाखालच्या राखेनं त्याला पोटात घेतलं. देह मिळाला नाही. चौकशी झाली. अश्वजितनं लिहून दिलं की बांध मजबूत आहे, कामगार मनाई असलेल्या जागी गेला होता. मनाईची पाटी दुसऱ्या दिवशी लागली. तेव्हापासून सुरक्षेच्या कारणास्तव पायथ्याशी जाणं बंद झालं आणि आकडे ऑफिसातच जन्माला येऊ लागले. बांधावर रोपं मात्र लावली, आणि मोठा फलक: हरित राख, हरित उद्या. रोपं तीन महिन्यांत वाळली. फलक अजून हिरवागार आहे.

आणि आता हाच बांध आणखी तीन मीटर चढवायचा होता. त्याला स्वतंत्र अभियंत्याचं प्रमाणपत्र लागतं. स्वतंत्र अभियंता म्हणजे अश्वजित, आणि त्याचा शिक्का शर्टाच्या खिशात तयार होता.

“तीन पत्रं देली मी,” मनकर्णाबाई म्हणाली. “पानी चढून राह्यलं मनून. आवक नंबर हाये माह्यापाशी. कोनी वाचलं?”

“तुमचा टेप जुना आहे, बाई.”

“टेप जुना, बाई जुनी, नळी जुनी. नवं फकस्त तुमचं बंडल हाये!”

एरवी तो हसला असता. सकाळीच त्यानं तिच्या ओसरीवर चहा घेतला होता. तिची नात रीता, पाच वर्षांची, मोहाची ताजी फुलं ओंजळीत धरून त्याच्यापुढे येऊन उभी राहिली होती. उजव्या हाताची मधली दोन बोटं जन्मापासून एकमेकांना चिकटलेली. “देनं वं सायबाले, लाजते काऊन?” आजीनं म्हटलं होतं. त्यानं दोन फुलं उचलली होती आणि मनात म्हटलं होतं, दहा मिनिटांचं काम आहे.

“चला,” मनकर्णाबाईनं पदर खोचला. “सोडू टेप. सहा चाळीस निघालं तं चौदा काय, चाळीस सह्या करतो मी.”

ड्रायव्हर ऐकत होता. नाही म्हणायला तोंड नव्हतं. अश्वजित तिच्यामागून उतरला.

दुपारचे बारा वाजले होते. वर मोहाचा वास नुसता दरवळत होता. अर्ध्या उतारावर तो कुणी कापल्यासारखा संपला. खाली वास होता पाणी ओतून विझवलेल्या चुलीचा. होला नाही, सातभाई नाही, एकही पाखरू नाही. माथ्यावर पाइपातून राख कोसळत होती, पण तिचा आवाज इथं घोंगडीआडून आल्यासारखा येत होता. मार्चात या जमिनीला भेगा पडायला हव्यात. अश्वजितचा बूट घोट्यापर्यंत रुतला आणि चुबुक असा आवाज करून बाहेर आला. त्याला त्याचा अर्थ कळत होता.

सातव्या नळीपाशी थांबून मनकर्णाबाईनं टेपच्या खालच्या दोन मीटरला पांढरा खडू घासला. पाणी लागतं तिथपर्यंत खडू काळा पडतो. साधी, जुनी पद्धत.

“दोनच मीटर? आकडा सहाचा आहे, बाई.”

“दोनच पुरे.”

तिनं टेप दोनच्या खुणेपर्यंत सोडला आणि ओढला. खालचा ऐंशी सेंटिमीटर भाग काळा पडला होता. म्हणजे पाणी तोंडापासून एक मीटर वीसवर. वरच्या कोरड्या भागातला खडूही जागोजाग पुसलेला होता.

“तुम्ही टेप बादलीत बुडवून आणलात.”

“अस्सं? मंग तुमी सोडा.”

त्यानं टेप स्वतःच्या रुमालानं कोरडा केला. आपल्या पेटीतली आखणीची निळी भुकटी काढली, बायकांच्या खडूवर भरवसा नको म्हणून, आणि दोन्ही मीटर पुढून-मागून निळे केले. टेप नळीत सोडला. अर्धा मीटर. एक मीटर. दीड. दोन.

टेपला ओझं आलं. हळूच. पोर मागून येऊन आईचा पदर धरतं, तसं.

टेप चार बोटं खाली गेला, सैल झाला, पुन्हा खाली गेला. आतून लोखंडावर नखं ओढल्यासारखा आवाज यायला लागला… आधी खालून… मग थोडा वरून… मग आणखी वरून…

“बेडूक असन…” अश्वजितची शहरातली भाषा गळून पडली होती. “नळीत… असते कधी कधी बेडूक…”

“वढा,” मनकर्णाबाई कुजबुजली.

त्यानं ओढला. ओली खूण तिथंच होती, एक वीसवर. तिच्या वर, कोरड्या निळ्या भुकटीत, चार पट्टे स्वच्छ पुसले गेले होते, एकाखाली एक. टेप उलटा केला तर मागं अंगठा. मुठीत धरल्याशिवाय असं उमटत नाही. आणि त्या नळीत माणसाची मूठ जात नाही.

“हा दिनेश,” ती म्हणाली. “बंदी तुमची, सोमवार माहा. दर सोमवारी येतो मी इथी. पह्यले लय खाली होता बापा, एकटाच. पानी चढलं तसा चढला. पोळ्यापासून त्याच्यासंगं दुसरे येऊन राह्यले… राखेत तं अजून दुसरं कोनी गेलं नाई…”

फोन वाजला. दोघंही दचकले. कारखान्याचे साहेब होते.

“हो सर,” अश्वजित म्हणाला. आवाज एका क्षणात पुन्हा इस्त्रीचा झाला. “झालंच आहे सर. सह्या चालू आहेत.”

फोन ठेवून त्यानं तिच्याकडे न बघता रजिस्टर उघडलं. “बाई, माझं काम पाण्याच्या पातळीचं आहे. भुताखेतांचं नाही.”

“मंग पान्याचंच लिवा ना! एक वीस लिवा.”

“एक वीस लिहिलं तर सगळं थांबतं. मला पुन्हा कुणी बोलावणार नाही.”

“अन् नाई लिवलं तं?”

याचं उत्तर त्याच्यापाशी होतं. पुस्तकात त्याला चित्रासकट शिकवलं होतं: आधी पायथा ओलावतो, मग गढूळ झरा फुटतो, मग रात्र की दिवस हे बांध विचारत नाही. त्यानं ते सांगितलं नाही. सहीच्या रकान्यात, त्याच देखण्या अक्षरात, त्यानं लिहिलं: वाचक अनुपस्थित. वाचक त्याच्यासमोर हातभर अंतरावर उभी होती. मग त्यानं खिशातला शिक्का काढला, वाळलेल्या शाईवर तोंडानं वाफ सोडली आणि हात उचलला.

मनकर्णाबाईनं आरडाओरडा केला नाही. तिनं त्याच्या हातातला टेप घेतला आणि वरचं टोक, नळीच्या तोंडापासून वीतभर खाली उतरलेला भाग, त्याच्या डोळ्यांसमोर धरला. तिथं शेवटची मूठ उमटली होती. इतकी लहान, की चारही बोटं पेरभर जागेत मावली होती. वर एक बारीक पट्टा. खाली एक बारीक पट्टा. आणि मधे एकच, रुंद, फट नसलेला.

शिक्का हवेतच राहिला.

“रीता आत्ता अंगणवाडीत जेवाले बसून हाये, सायब… जा, तिच्या बोटांले निळं लागलं का ते पाहून या, मंग मारा शिक्का.”