नागझरीचा कापडी तट

विश्वास कुणीच ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. खुद्द गडाखालच्या गावात ही हकीकत सांगितली, तर निम्मी मंडळी पान थुंकायच्या निमित्ताने उठली ती परतलीच नाहीत. पण ऐका.

पूर्वेच्या पठारावर पातशाही राहुट्या दवात भिजल्या होत्या, आणि त्यांच्या पाठीमागून वर येणारा सूर्य नागझरीगडाच्या तटावर केशर ओतीत होता. त्याच तटाला आदल्या सांजेस तोफेने असे खिंडार पाडले होते की हत्ती अंबारीसकट आत यावा! धुरळ्यात आणि काळोखात पातशाही सरदार मुर्तजाखानाला त्याचा पत्ता लागला नाही, आणि उजाडल्यावर पाहतो तो तट अखंड. कारण रातोरात तंबूंची कापडे शिवून, त्यांवर दगड रंगवून, ती खिंडारावर ताणली होती. मागे गवंडी खऱ्या दगडांची भिंत चढवीत होते. सांजेपर्यंत खानाला संशय न यावा, एवढ्यावर गडावरच्या साऱ्या माना अडकल्या होत्या.

पण हे काम किल्लेदार येसबा दळवींनी तिघांच्या हाती दिले होते, आणि तिथेच घोडे पेंड खात होते.

"आमच्या मुलखात," तोफा ओतायला ठेवलेला फ्लोरेन्सचा फिरंगी जाकोमो म्हणाला, "चितारी बेडूक फाडून पाहतो, वैद्य चित्रे काढतो, कवी तारे मोजतो. एकट्याच्या डोळ्याला सृष्टी कळत नाही, सरकार."

"इथे तिघांच्या सहा डोळ्यांनी एक भिंत निभेना!" येसबा कडाडले. "तीन मांजरे एका पोत्यात कोंबली असती तर बरे!"

वेंकू चिताऱ्याने शेवाळसुद्धा खडकावरून खरवडून, नखावर घेऊन, तस्सेच रंगवले होते. जाकोमोने काठी रोवून सावल्यांचा कोन बांधून दिला होता. आणि दरबारचे मुद्गल कवीश्वर अडून बसले होते की तटाच्या फटीतून पिंपळाचे रोप हवेच. "नजर पिंपळावर बसली की शिवण शोधीत नाही, वेंकोबा."

"तटात पिंपळ कोण ठेवतो, महाराज? दसऱ्याआधी तासतात!"

"तू रंगव. रसिकता माझ्यावर सोड."

ऊन चढले आणि खालून खानाचा जासूद ओरडला, "अहो दळवी! तटाला पिंपळ फुटलाय, तासायला माणूस उरला नाही का? की खानसाहेबांनी पाठवावा?"

येसबांनी कवीश्वरांकडे असे पाहिले की कवीश्वर यमके विसरले.

वेंकू मात्र वाद घालीत बसला नाही. वाद घालून त्याचा जीव आंबून गेला होता. गडावरच्या पिंपळाची खरी फांदी त्याने कमरेला खोचली, दगडी रंगाने भरलेला भोपळा गळ्यात अडकवला, हाती कोयता घेतला, आणि दोरावरून तो सरळ शत्रूच्या डोळ्यांपुढे उतरला. कोयता हवेत फिरे, मागोमाग बोळा रंगवलेली पाने पुशी. शेवटी खरी फांदी खाली भिरकावली, तशी छावणीतून शाबासकीची आरोळी उठली.

"सावली!" वरून जाकोमो दबल्या आवाजात किंचाळला. "झाड पुसले, सावली राहिली!"

भोपळा रिकामा होता. वेंकूने वर पाहून जी शिवी हासडली ती वरच्या तिघांनाही पुरली. मग तो सरकला आणि आपल्या अंगाने ती सावली झाकून लोंबकळत राहिला. खालच्या एका बंदुकवाल्याने गंमत म्हणून नेम धरला. गोळी मांडीतून गेली. वेंकू हलला नाही. ऊन डोक्यावरून पलीकडे ढळून सारा तटच सावलीत बुडाला, तेव्हा कुठे त्याने दोर हलवला.

सांजेस भिंत पुरी झाली. आठवड्याने खान कंटाळून उठून गेला. येसबांनी ते कापड भर चौकात जाळून टाकले, शत्रूला युक्ती कळू नये म्हणून. कवीश्वरांनी पिंपळावर शंभर श्लोक रचले, जाकोमोने विजय आपल्या काठीच्या नावे मांडला, आणि लंगडत्या वेंकूचे नाव दोघांनाही आठवले नाही. ते राहू द्या. पण ती पिंपळाची सावली अजून त्या तटावर आहे. मी स्वतः वैशाखात तिच्याखाली बसून गार झालोय...

"आबा, कापड आत्ताच जाळलंत ना? मग सावली कशावर राहिली?"